काठीच्या जागी

चौफुल्यावर वडाप पकडायचं एक तंत्र असतं. जीप दिसली की आधी बोचकं आत फेकायचं, मग आपण चढायचं, आणि मग विचारायचं की गाडी कुठं चालली. उलट केलं की जागेवर दुसरंच कुणीतरी बसतं आणि आपण उन्हात तसेच. त्या शनिवारी दुपारी मी तेच केलं. पांढरी जीप समोर थांबली, मागचं दार उघडलं, मी रिकाम्या गोण्यांचं बोचकं आत फेकलं आणि पाठोपाठ मी.

ड्रायव्हर मागं वळून हसला. "या मॅडम! तुमचीच वाट बघत होतो."

आता वडापवाला कधी कुणाची वाट बघतो का? 'ओ ताई, सरका आत, अजून दोघं बसतील' हे ऐकायची सवय असलेली मी. मला जरा बरंच वाटलं. पैसे पुढं केले तर म्हणाला, "राहू द्या, तुमचं सगळं आधीच आलंय." मनात म्हटलं, बाई गं, हे कसलं वडाप!

मी सायली. केडगावला लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोक मला बघून हात लपवतात, त्यामुळे कुणी हसून स्वागत केलं की मला आधी संशय येतो. शनिवार-रविवार मी भामाआत्याकडं जाते, राजेगावच्या अंगाला, भीमेच्या काठी. आई-बाबा ऊसतोडीला जायचे त्या वर्षांत तिनंच मला वाढवलं. आता ते वरवंडला घर बांधून राहिलेत, पण मला रागवायचा आणि माझं लग्न ठरवायचा हक्क अजून आत्याकडंच आहे. असं तीच म्हणते.

वरवंड मागं पडलं आणि पाटसच्या अलीकडं, भर रस्त्यात, गाडी एका उसाच्या फडाशी थांबली. ना फाटा, ना स्टॉप. मी वैतागले.

"ओ दादा! गाडी भरलीय की सगळी. आता अजून कुणासाठी थांबलात?"

"उजेडासाठी," तो म्हणाला.

मी बाहेर बघितलं. उन्हं तिरपी झालेली, उसाला तुरे आलेले, आणि त्या तुऱ्यांच्या कडा अशा पेटल्या होत्या की बघत राहावं. माझ्याबरोबर बसलेली सगळी माणसं भराभर उतरली आणि त्यांच्या पिशव्यांमधून हातभर लांबीचे कॅमेरे निघाले. माझ्याकडं निघाल्या असत्या त्या फक्त गोण्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत होता आणि बोलता बोलता माझ्याकडं बघत होता. "बरं मॅडम... न्हाई, काळजी घ्या... न्हाई न्हाई, कॅन्सल करतो की." फोन खिशात ठेवून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम म्हणत्यात, त्यांचा ताप उतरला न्हाई, त्या येत न्हाईत. मग तुम्ही कोण?"

"मी? मी पॅसेंजर."

जीपमधले साहेबराव काका, रेल्वेतून रिटायर झालेले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोचकं ओढायला लागले तर त्यानं ते दुसऱ्या टोकाला धरलं.

"आता बसलाच हाय तर चला की. आम्ही तिकडंच चाललोय. आज कुरकुंभच्या पुढचा माळ, उद्या पहाटे उजनीच्या फुगवट्यातली बेटं. फोटो काढणाऱ्यांना मी फिरवतो. मल्हार. शिरूरचा." मग हळूच म्हणाला, "फक्त एक करा... दादा म्हणू नका."

"का?"

"असंच," तो म्हणाला आणि घाईघाईनं जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. मी पुढच्या सीटवर कधी येऊन बसले ते माझं मलाही कळलं नाही.

माळावर आम्ही उन्हं कलताना पोचलो. पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगाला झोपत होतं आणि लांबवर चार-पाच चिंकारा कान टवकारून आमच्याकडं बघत होते. मल्हार कुणाला तिपाई लावून देत होता, कुणाला खाली बसायला सांगत होता. पाहुण्यांमध्ये एक नवरा-बायको होते, ते लेन्सवरून भांडत होते. त्यांचं भांडण मिटवून तो माझ्याकडं आला.

"बघायचंय?"

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. पण मला एकटा डावा डोळा मिटताच येत नाही, दोन्ही मिटतात. "दिसतंय का?" तो विचारत होता आणि मी अंधारात बघत "हो, छान आहे," म्हणत होते.

"खोटं बोलता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"झाकण काढलंच नव्हतं मी."

मी त्याला मारायला हात उचलला आणि मध्येच थांबले, ओळख तर दुपारची. त्यानं झाकण काढलं, डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डाव्या डोळ्यापुढं धरली. कुठंही हात लागू न देता. टोपीला उन्हाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. चिंकाराची ओली काळी नाकपुडी मला दिसली, पण खरं सांगू का, माझं लक्ष टोपीकडंच होतं.

मग चहा झाला. त्यानं सांगितलं की रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हे सुरू केलंय, घरात त्यावरून अबोला आहे, आणि हे दुसरंच वर्ष. "माळ लोकांना आवडतो. पण येतात ते बेटासाठी. धुक्यातून सूर्य वर येतो ना तिथं... तो एक फोटो आपला खरा माल. बेट गेलं तर माझं दुकान बंद. आन् त्या बेटावर एक म्हातारी हाय. कॅमेरा दिसला की ढेकूळ फेकून मारते."

"म्हातारी?" मी विचारलं. त्या बेटावर ढेकळं फेकणारी म्हणजे आमची भामाआत्याच, तिचं रान तिथंच आहे, आणि ती अजून पन्नाशीची नाही.

"नेम भारी हाय पण. मागच्या साली मी किती सभ्यपणानं वागलो! फ्रेममध्ये मध्येच एक काठी येत होती, माणसाएवढी, वर लाल चिंधी. उपटली, फोटो काढला, आन् परत रोवून ठेवली. कोण करतं एवढं?"

मी कप खाली ठेवला. "जिथल्या तिथं रोवली?"

"जवळपास," तो म्हणाला.

जवळपास! अरे देवा.

आमच्याकडं उजनीचं पाणी उतरायला लागलं की फुगवट्यातून जमीन वर येते. धरणात गेलेली आमचीच जुनी रानं ती. गाळ वाळला की लोक त्यात कलिंगड, काकडी लावतात. तिथं बांध नसतो, पाणी सगळं पुसून टाकतं. म्हणून जो तो आपल्या हद्दीवर चिंधी बांधलेली काठी रोवतो. काठी जिथं, तिथं हद्द. त्या काठीला आमच्याकडं लहान पोरसुद्धा हात लावत नाही. मागच्या वर्षी आत्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली होती. परत येऊन बघते तर काठी तिच्या रानात सरकलेली आणि शेजारच्या ज्योतिबा आप्पांनी काठीपर्यंत वेल लावलेले. आप्पा म्हणाले, मी काठी बघून पेरलं. आत्या म्हणाली, तुम्हीच हलवली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आधी बेटावर त्यांचा चहा एकाच चुलीवर व्हायचा. यंदा तर काठीच कुणी रोवली नाही आणि मधला पट्टा कुणीच पेरला नाही, तसाच पडलाय. आणि कुणातरी पोरानं 'कॅमेरावाला काठीशी खेळत होता' एवढं सांगितलंय, तेव्हापासून आत्या जेवताना प्रत्येक घासाला त्या कॅमेरावाल्याचा उद्धार करते.

आणि तो कॅमेरावाला माझ्यासमोर बसून बिस्किट चहात बुडवत होता. ज्याची टोपी मला आवडली होती, तो.

"ज्योतिबा आप्पांचं मात्र माझ्यावर लई प्रेम," तो सांगत होता. "बेटावर जायला नाव त्यांचीच घेतो मी. मागच्या साली दोन कलिंगडं फुकट दिली. का, ते काय कळत न्हाई."

मला कळत होतं, त्या साली आप्पांना आमच्या पट्ट्याचं पीक जास्तीचं मिळालं होतं. पण मी गप्प बसले. मी गप्प बसले की आईला वाटतं, मला ताप आलाय.

दिवस बुडताना काठावर पोचलो. पाहुणे तंबू ठोकायला लागले. मी मल्हारला नावेपाशी बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. आत्याचं नाव, काठी, पट्टा, ऑपरेशन, चहा. तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि मला वाटलं, कशाला बोलले मी!

"म्हंजी दोन माणसं माझ्यामुळं बोलायची थांबली?"

"हो."

"खरं सांगितलं तर आप्पा नाव देणार न्हाईत. आन् तुमची आत्या बेटावर पाय ठेवू देणार न्हाई."

"नाहीच देणार."

आणि मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते, पण बोलले खरी. "मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही पण नका सांगू. आत्याला मी काहीतरी सांगून उद्या गप्प बसवते. तुमचं बेट राहील... तुम्ही येत राहाल."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं. त्यानं ते ऐकलं, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं.

"पण तुम्हाला ठाऊक राहील की," तो म्हणाला. "मी इथं येत राहीन, आन् तुम्ही माझ्याकडं बघाल तवा तुम्हाला काठीच दिसेल."

त्या क्षणी मला तो इतका आवडला, की रडू येईल असं वाटलं.

रात्री मी आत्याच्या रिकाम्या घरात झोपले. पहाटे काठावर आले तर मल्हार आधीच ज्योतिबा आप्पांसमोर उभा होता. सांगून झालं होतं. आप्पा बिडी हातात धरून बसले होते, पेटवायची विसरून.

"म्हंजी भामी खरं बोलत व्हती," ते शेवटी म्हणाले. "लेका, तू गप बसला असतास तर माझं बरं व्हतं." मग वल्हं उचललं. "बसा नावंत सगळी. तिच्याम्होरंच बोल आता."

आत्या हंगामात बेटावरच खोपीत झोपते. नाव लागली तेव्हा ती वेलांमध्ये उभी होती. आधी कॅमेरे दिसले, मग आप्पा, मग मी.

"सायले, कुणाच्या नावंतून आलीस गं?"

"आत्या, आधी ऐक. हा मल्हार. काठी यानं..."

"ह्योच व्हय त्यो?"

पुढचं वाक्य ढेकळानंच बोललं. ते बरोबर त्याच्या खांद्यावर बसलं. तो हलला नाही. धूळ झटकून म्हणाला, "माझंच चुकलं, आत्या. काठी मी उपटली. परत लावली ती चुकीच्या जागी. आप्पांनी हात लावला न्हाई. मला ठाऊकच नव्हतं ती कशाची हाय, पण उपटली मीच."

आत्याच्या हातात दुसरं ढेकूळ होतं. ती आप्पांकडं बघत होती. आप्पा वेलांकडं बघत होते. तिनं ढेकूळ हळूच खाली टाकलं.

"आप्पा, मी तुमाला लई बोलले."

"बोललीस खरी," आप्पा म्हणाले. "पर हद्द कुटं व्हती ते कोन सांगनार आता? तुला तुझी आठवती, मला माझी. ह्यानंच सांगावं. पानी हातात घिऊन."

मल्हार कडेला गेला, भीमेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणाला, "मला जेवढं आठवतंय तेवढंच सांगतो. पण सायली लागतील मला."

जुन्या गावच्या विहिरीचा कठडा बेटाच्या टोकाला अजून उभा आहे. मागच्या वर्षी त्यानं तिथूनच फोटो घेतला होता. त्यानं तिथं कॅमेरा लावला आणि मला बसवलं. "ती काठी मला लई नडली होती, म्हणून पक्की ध्यानात हाय. पलीकडच्या काठावरची ती एकटी बाभूळ हाय ना, काठी तिच्या बरोबर आड यायची. आन् काठीचं टोक मागच्या डोंगराच्या रेघेला टेकायचं. मी काठीएवढाच हाय. मी तिथं जाऊन उभा राहतो. बाभूळ दिसेनाशी झाली आन् माझं डोकं डोंगराला टेकलं, की बास म्हणा."

तो चालत गेला, हातात लाल चिंधी घेऊन. मी कॅमेऱ्यातून बघत होते. या खेपेला दोन्ही डोळे मिटले नाहीत. धुकं पाण्यावरून सरकत होतं, त्याच्या मागं आभाळ केशरी व्हायला लागलं होतं आणि चार माणसांच्या देखत मला त्याच्याकडं हवं तेवढं बघायची परवानगी होती.

"डावीकडं!" मी ओरडले. "अजून... मागं जा... थोडं मागं..."

बाभूळ त्याच्याआड गेली. डोकं डोंगराला टेकलं. मी लगेच बास म्हणाले नाही. एवढं खोटं माझ्या नावावर राहू द्या.

"बास!"

आप्पा आणि आत्या, दोघंही एकदम त्या जागेकडं बघायला लागले. आप्पांनी मान हलवली. "व्हय. हितंच व्हती. हितनं माझा कोपरा बरुबर बसतू." ती जागा आत्याच्या म्हणण्यापेक्षा थोडी तिच्याच रानाकडं निघाली, तरी आत्या दोरी आणायला वळली. पलीकडच्या टोकाचा दगड दोघांना मान्यच होता. त्या दगडापासून मल्हारपर्यंत दोरी ताणायची ठरली.

"नवी काठी तासूस्तवर हालू नगंस!" आत्यानं दम दिला. "काठी उपटलीस न्हवं? आता तूच काठी."

आणि नेमका तेव्हाच सूर्य वर आला. पाहुण्यांची एकच धांदल. मल्हार बरोबर सगळ्यांच्या मधोमध. लेन्सवाले साहेब ओरडले, "अहो गाईड, बाजूला व्हा ना! फ्रेममध्ये येताय!"

"त्यो हालायचा न्हाई!" आत्या त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

"राहू द्या हो," साहेबराव काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "माणूस आहे म्हणून बेट केवढं आहे ते तरी कळतंय."

मी चुलीवरचा चहा घेऊन त्याच्यापाशी गेले. त्यानं एका हातात चिंधी धरलेली, दुसऱ्या हाताला दोरीचं टोक गुंडाळलेलं. कप घ्यायला हातच नव्हता. मी कप त्याच्या ओठांशी धरला. त्यानं एक घोट घेतला आणि पूर्ण वेळ माझ्याकडं बघत राहिला.

"खांदा दुखतोय?"

"न्हाई."

"खोटं."

"दुखतोय... पण तुम्ही विचारलं म्हणून बरं वाटतंय."

"जास्त बोलू नका, चहा सांडेल."

"सायली, काल तुम्ही म्हणाला होता, तुम्ही येत राहाल. ते ट्रिपबद्दल होतं का..." तो थांबला. "मला दुसरीकडं बघताही येत न्हाई आता, हललो तर तुमच्या आत्याचं रान जाईल. म्हणून सरळ सांगतो. कालपास्नं मला उजेडाकडं लक्ष देता आलेलं न्हाई. धंदा बुडेल माझा अशानं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "चिंकारा बघताना मी पण तुमची टोपीच बघत होते," मी म्हणाले.

"ए!" लांबून आत्या ओरडली. "दोरी ढिली पडतीया!"

काठी रोवून झाली. आत्यानं स्वतः चिंधी बांधली. आप्पांनी दोरी गुंडाळली आणि अवघडून उभे राहिले. आत्यानं त्यांच्याकडं न बघताच चुलीवर आणखी एक भांडं पाणी टाकलं, तेव्हा ते खोपीपाशी येऊन बसले. "पट्ट्यात अजून वल हाय," ते म्हणाले. "काकडी टाकू म्हनं." आत्या म्हणाली, "टाकू."

पाहुणे नावेत बसायला लागले. मल्हार आत्यासमोर येऊन उभा राहिला. "येऊ का मी पुन्हा? ट्रिप घेऊन?"

आत्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आषाढ-श्रावणात पानी चढंल. ही काठी वाहून जाईल. पुढल्या साली जमीन वर आली की जागा कुनी दावायची?"

"मी दावतो. येतो की."

"आन् त्याच्या पुढल्या साली?"

"तवाबी येईन. दरसाल येईन."

आत्या चुलीतला जाळ सारखा करत राहिली. मग म्हणाली, "दरसाल यायचं म्हंजी पाहुन्यावानी यिऊन भागायचं न्हाई, बाबा. घरचं मानूस लागतंय त्याला." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "हिला इचार. माझं काय, मी हाय म्हातारी."

म्हणजे काल माळावर तो तिला म्हातारी म्हणाला ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. साहेबराव काका नावेत बसून दुसरीकडंच बघत होते.

मल्हार माझ्याकडं वळला. उन्हात त्याचे कान लालबुंद दिसत होते. "घरचं माणूस म्हणून येऊ का?" त्यानं विचारलं, इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

मी मात्र "हो" म्हणाले ते इतक्या मोठ्यानं, की पाण्याच्या कडेला बसलेले सगळे पक्षी एकदम उडाले आणि नावेतून लेन्सवाल्या साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.